ओकायामाचं कोराकुएन: साकुरा सोडून बोलूया

पारिजात_कुराशिकी

जपानला जायचं म्हटलं की आपल्याकडून पहिला प्रश्न हमखास येतो, "साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, नक्की कधी?" मार्च उजाडला की माझं व्हॉट्सॲप याच प्रश्नाने भरून जातं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही कुराशिकीला राहतो. तिथून ओकायामा लोकलने पंधरा-वीस मिनिटांवर, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना कोराकुएन दाखवायचं काम माझ्याकडेच असतं. पाहुण्यांसोबत जातेच, आणि पाहुणे नसतील तेव्हा जास्त जाते. म्हणून म्हटलं, एकदाचं सविस्तर लिहून टाकावं.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. जपानच्या तीन नामांकित बागांतली ही एक. दुसरी कानाझावाची केनरोकुएन आणि तिसरी मितोची काइराकुएन. ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ मध्ये काम सुरू करवलं आणि १७०० च्या सुमारास बाग पुरी झाली. ज्याच्यावर काम सोपवलं तो त्सुदा नागातादा खरं तर पाटबंधारेवाला माणूस. समुद्र हटवून शेतजमीन काढणं, पुराचं पाणी शहराबाहेरून वळवायला ह्याक्केन नदीचा मार्ग काढणं, ही त्याची कामं. अशा माणसाने बाग केली तर ती कशी होईल? पाणी कुठून आणायचं आणि कुठे सोडायचं, इथूनच त्याने सुरुवात केली. असाही नदीचं पाणी त्या काळी चारेक किलोमीटर वरून पाटाने आणलं होतं. आता जमिनीखालचं पाणी उपसून सोडतात. बागेतून वळणं घेत जाणारा ओढा आजही ६४० मीटर लांबीचा आहे.

दुसरं म्हणजे या बागेत शेती आहे. भाताची खाचरं आहेत, चहाचे वाफे आहेत, उमेची, म्हणजे जपानी आलुबुखारासारख्या फळझाडाची, शंभरेक झाडं आहेत. पहिल्या काळात तर शेताखालची जमीन आतापेक्षा कितीतरी जास्त होती. आज जे अफाट गवताचं मैदान बघून लोक "वा, काय लॉन आहे!" म्हणतात, तिथेही बरीचशी शेतंच होती. १७७१ मध्ये खजिन्याला ओढ लागली, तेव्हा मशागतीचा खर्च वाचवायला शेतांवर गवत लावलं. म्हणजे ज्याचे आपण इतके फोटो काढतो, त्या गवताच्या मागे काटकसर आहे.

माझं म्हणणं एवढंच की ही बाग फुलांच्या तारखा लावून बघू नये, कामाच्या तारखा लावून बघावी. फुलं काय, ती शहरात नदीकाठीही फुलतात.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला इथे गवत जाळतात. त्याला शिबायाकी म्हणतात. थंडीत हे गवत पार वाळून पिवळट तपकिरी झालेलं असतं. सकाळी निळ्या कपड्यांतले कामगार हातात गॅसच्या लांब नळ्या घेऊन कडेकडेने पेटवत जातात, मागून पाण्याची नळी धरलेला एकजण पायवाटेवर येणारी ज्योत विझवत जातो. ज्वाळा फार उंच नसतात, घोट्याएवढ्या, फार तर गुडघ्याएवढ्या. पण आवाज येतो, तडतड असा, आणि मग वारा फिरला की आग एकदम सरसरत पाच-सहा मीटर पुढे पळते. पाठीमागे काळीकुट्ट जमीन. दुपारपर्यंत अख्खी बाग काळी. पलीकडे नदीपार ओकायामाचा किल्लाही काळा, त्याचं लोकांनी ठेवलेलं नावच कावळ्याचा किल्ला. काळं मैदान, काळा किल्ला, वर ओकायामाचं ठरलेलं निळं आभाळ. पोरं कडेला उभी राहून नाकाला रुमाल लावून बघत असतात. मला वर्षभरातला हाच दिवस सगळ्यात आवडतो, आणि माझ्या एकाही पाहुण्याने आजवर त्यासाठी तिकीट काढलेलं नाही.

आता गंमत ऐका. साकुरा मार्चअखेरीला फुलतो. तेव्हा गवताला कुठेकुठे नुसते पोपटी कोंब आलेले असतात, बाकी मातकट. हिरवंगार मैदान आणि वर साकुरा असा फोटो डोक्यात घेऊन येणारे लोक गोंधळतात. गवत खऱ्या अर्थाने हिरवं व्हायला मे उजाडतो.

मेमध्ये एका रविवारी चहाची पानं खुडतात, जूनमध्ये एका रविवारी भातलावणी. दोन्ही वेळा बायका जुन्या पद्धतीचे पोशाख करून, गाणी म्हणत. लावणीला ढोलही असतात. समारंभ आहे हो, नाकारत नाही. पण रोप चिखलात नीट लावलं जातं आणि पुढे त्याला ओंब्याही येतात. हे खाचर म्हणजे नऊ चौकोनांच्या जुन्या चिनी शेतपद्धतीची आठवण: आठ घरांनी आपापला तुकडा कसायचा आणि मधला नववा सगळ्यांनी मिळून सरकारसाठी. कन्फ्युशियसच्या विचारांचा या घराण्यावर पगडा होता, त्याची ही खूण.

जुलैत कमळं. त्यातली एक जात ओगा नावाची, तिची गोष्ट मला दरवेळी सांगाविशी वाटते. मूळचे ओकायामाचेच वनस्पतिशास्त्रज्ञ ओगा इचिरो यांना १९५१ मध्ये चिबाला खोल दलदलीत तीन बिया सापडल्या, सुमारे दोन हजार वर्षं जुन्या. त्यातली एकच रुजून वाढली आणि पुढच्या वर्षी तिला फूल आलं. त्याच वंशातली ही गुलाबी कमळं. कमळ बघायला सकाळी लवकर जा, अकरा वाजता गेलात तर मिटलेली दिसतील. कमळांसाठी जुलैच्या सुरुवातीला एका रविवारी बाग पहाटेच उघडतात.

ऑगस्टमध्ये येऊ नका. उकाडा मुंबईसारखा आणि सावली कमी. यायचंच झालं तर र्युतेनमध्ये बसा. खाली भिंती नसलेली दुमजली लाकडी बैठक आहे, तिच्या मधोमध ओढा वाहतो आणि त्यात सहा रंगीत दगड ठेवलेत. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात बागेतल्या बहुतेक इमारती जळल्या, त्यातून वाचलेल्यांपैकी ही.

शरद ऋतूबद्दल सगळे लिहितात, मी लिहीत नाही. चिशिओ-नो-मोरी नावाची शंभरेक मेपलची राई आहे, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात या, छान दिसते, संपलं.

सदाशिव_पेठी

लेख आवडला. पण एक शंका. आमच्या सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग याच बागेवरून केली आहे ना? तिला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असंही म्हणतात. मग दीड-दोन लाख रुपये घालून मूळ प्रत बघायला जायचं की रिक्षाने झेरॉक्स बघून यायचं, हा विचार पुणेकराने का करू नये?

पारिजात_कुराशिकी

@सदाशिव_पेठी, झेरॉक्स म्हणू नका, बाग देखणी आहे आणि सुट्टीत घरी आले की मी तिथे जातेच. टेकडी, तळं, वळणाचा ओढा, लाकडी पूल, मोकळं गवत, हा सांगाडा तिथे नेमका उतरलाय. तिथली जागा दहा एकर, इथे तेहतीसेक एकर, त्यामुळे इथे नजर जास्त लांब जाते आणि शेवटी किल्ल्यावर जाऊन टेकते. तुमच्याकडे ती इमारतींवर जाऊन टेकते, त्याला माळी तरी काय करणार!

पण खरा फरक वेगळा आहे. पुण्याच्या बागेला हिवाळा नाही. तिथलं गवत झोपत नाही, म्हणून जाळावं लागत नाही, म्हणून ते पुन्हा उगवतही नाही. बारा महिने हिरवं. ओकायामात जानेवारीत गेलात तर निम्मी बाग वाळलेली दिसेल, आणि तेव्हाच कळतं की टेकडीचा उतार नेमका कुठून सुरू होतो, ओढा कुठे मुद्दाम अडवलाय, पाइनची फांदी कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या कशी वळवत आणलीय. पुण्यात हे सगळं हिरव्याच्या खाली राहतं. पुण्याच्या बागेचा ऋतू म्हणजे आषाढ-श्रावण. रिमझिम पाऊस असताना जाऊन बघा, गर्दी नसते आणि तळं भरल्यासारखं दिसतं.

दापोलीचा_बाबू

ताई, ते गवत जाळण्याचं वाचून हसायलाच आलं. आमच्याकडे शिमग्याच्या पुढे-मागे कवळं तोडतात, शेण-पातेरा पसरतात आणि राब भाजतात. जपानी माणूस तेच करतो तर लोक फोटो काढतात, आम्ही केलं तर तालुक्याहून माणूस येऊन प्रदूषणावर भाषण देतो.

जरा शास्त्रातलं सांगतो, कृषी विद्यापीठात शिकलोय म्हणून. दोन्हीचं कारण सारखं नाही. राब भाजतो तो रोपवाटिकेसाठी: तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राख मिळते. तिथलं गवत झोयसिया जातीचं असणार, कोरियन लॉन म्हणून आपल्या नर्सरीत मिळतं त्याच्याच कुळातलं. त्याची खोडं जमिनीलगत आणि जमिनीखाली पसरतात. वरची वाळकी पाती भरकन जळून जातात, आग एका जागी थांबत नाही, त्यामुळे मुळाशी धग पोचत नाही. वाळक्या थरात लपलेली कीड आणि अंडी मरतात, काळ्या जमिनीला ऊन जास्त लागतं, कोंब लवकर आणि एकसारखे येतात. ओल्या गवताला हेच करायला गेलात तर नुसता धूर होईल. म्हणून पुण्यात जाळू नका हो, पेठी साहेब.

सदाशिव_पेठी

पुण्यात गवतावर पाय ठेवला तरी शिट्टी वाजते, जाळायचं कुठून सुचेल.

पारिजात_कुराशिकी

@बाबूदादा, वा! हे मला कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. हो, पाऊस पडून गेला असेल तर ते शिबायाकी पुढे ढकलतात. वाराही बघतात. त्यामुळे तारीख बघून निघालात तरी त्या दिवशी होईलच असं नाही.

निळी_छत्री

वाचतेय. फोटो टाका ना!

तोक्योतली_मृण्मयी

धागा वाचणाऱ्यांसाठी एक सूचना: कोराकुएन दोन आहेत. तोक्योत कोइशिकावा कोराकुएन आहे, बेसबॉलच्या तोक्यो डोमला खेटून. नकाशात नुसतं कोराकुएन टाकलंत तर तोक्यो मेट्रोचं स्टेशन समोर येईल. माझ्या मावसभावाने ओकायामाच्या हॉटेलचं बुकिंग करून बाग मात्र तोक्योची शोधली होती.

आमची बाग मात्र वयाने मोठी बरं का. मितोच्या तोकुगावा घराण्याची, १६२९ मध्ये सुरुवात झाली. आणि भाताचं खाचर आमच्याकडेही आहे! मित्सुकुनी नावाच्या सरदाराने, आपल्या वारसाच्या बायकोला शेतकऱ्याचे कष्ट कळावेत म्हणून ते करवलं असं सांगतात. सासऱ्याने सुनेला शिकवण्यासाठी शेत काढलं, विचार करा. आजही मेमध्ये जवळच्या शाळेतली मुलं तिथे लावणी करतात. मागे रोलरकोस्टरवरून किंकाळ्या ऐकू येत असतात आणि पुढे गुडघाभर चिखलात पोरं.

कोरडा_दुष्काळ

सगळे वाचून गप्प बसलेत म्हणून मी वाईटपणा घेतो. सूनबाईला शेतकऱ्याचे कष्ट कळावेत म्हणून खाचर, आणि सरदारसाहेबांना शेतीचं दृश्य बसल्या जागी दिसावं म्हणून नऊ चौकोन. ज्यांच्या भातावर हे सगळं उभं राहिलं ते लोक या बागेत होते का? चार किलोमीटरवरून पाट आणला तो बागेला. मराठवाड्यातल्या माणसाला हे वाचून फार कौतुक वाटत नाही, माफ करा. पाणी शोभेसाठी वाहतंय हे बघून पहिली आठवण टँकरची येते.

पारिजात_कुराशिकी

माफी कसली, प्रश्न बरोबरच आहे. बाग सरदाराच्या विसाव्यासाठी आणि पाहुण्यांसाठीच होती. ठरावीक दिवशी रयतेला आत सोडत असत हे खरं, पण तेही त्यांच्या मर्जीने. सगळ्यांसाठी ती १८८४ मध्ये उघडली, इकेदांकडून प्रांताकडे आली तेव्हा. आणि खजिना आटला तेव्हा पहिली कात्री बागेतल्या शेतमजुरीवर लागली, हेही मी वर लिहिलंच आहे.

फक्त त्सुदा नागातादाबद्दल एक. त्याने बागेला पाट आणला तसा नव्या शेतजमिनींनाही पाणी आणलं, आणि सामान्यांच्या मुलांसाठी शिझुतानी नावाची शाळा बांधली, तीही तेव्हाच्या सरदाराच्या, त्सुनामासाच्या वडिलांच्या हुकुमाने, १६७० मध्ये. ती अजून उभी आहे. त्याला संत ठरवत नाही मी. पण त्याच्या कामांत बाग हे सगळ्यात लहान काम असावं, असं मला वाटतं. पूर वळवायचा तो मार्ग आजही शहराला वाचवतो.

कोरडा_दुष्काळ

हे आधी लिहायला हवं होतंत. शाळा आणि पूर यांच्यावर वेगळा धागा काढा, तिथे मी कौतुक करायला येतो. बागेबद्दल मत तेच.

शिंकानसेन_शिंदे

शिझुतानीला नोव्हेंबरच्या सुरुवातीला जा, असा माझा आग्रह. दोन मोठी झाडं आहेत शेजारी-शेजारी, कन्फ्युशियसच्या समाधीपाशी असलेल्या झाडाच्या बियांपासून वाढवलेली. एक लाल होतं, एक पिवळं. कोराकुएनपेक्षा मला तेच जास्त लक्षात राहिलं. बिझेन शहराच्या हद्दीत आहे, गाडी असेल तर सोपं. बाकी ओसाकाहून नोझोमी शिंकानसेनने (बुलेट ट्रेनने) ओकायामा पाऊण तासाच्या आसपास, एका दिवसात होतं. स्टेशनबाहेर ट्राम घ्या, शिरोशिता थांब्यावर उतरा, तिथून दहा मिनिटं चालत.

कानाझावाचा_पाऊस

तीन बागांचं नाव निघालं म्हणून आमच्या केनरोकुएनची बाजू मांडतो. ऋतूची कामंच बघायची तर १ नोव्हेंबरला इथे या. त्या दिवशी युकित्सुरी सुरू होते: पाइनच्या मधोमध उंच खांब उभा करतात, त्याच्या टोकापासून दोऱ्या सोडून एकेक फांदी बांधून घेतात, बर्फाच्या ओझ्याने मोडू नये म्हणून. सुरुवात कारासाकी पाइनपासून. माळी खांबाच्या टोकाला चढून दोर खाली फेकतात, खालचे ओरडून सांगतात, "अजून डावीकडे!" आमचा बर्फ ओला आणि जड असतो, म्हणून हा खटाटोप. मार्चच्या मध्याला सोडवायला लागतात. ओकायामात हे करण्याची वेळच येत नाही, तुमच्याकडे ऊन फार.

पारिजात_कुराशिकी

@कानाझावाचा_पाऊस, मान्य. ओकायामाची जाहिरातच मुळी "उन्हाचा प्रदेश" अशी आहे. बर्फ पडलाच तर दुपारपर्यंत वितळतो. आमच्याकडे थंडीतलं आकर्षण म्हणजे लाल टोपीचे तांचो क्रौंच. एरवी ते पिंजऱ्यात असतात, पण १ जानेवारीला आणि थंडीतल्या काही ठरावीक दिवशी त्यांना मैदानात मोकळं सोडतात. माळी पाठीमागून लांबून चालतात आणि पक्षी आपल्या मर्जीने. वाळलेल्या गवतावर ते पांढरे-काळे पक्षी उठून दिसतात. हिरव्यावर इतके दिसले नसते.

इकेदांच्या काळापासून इथे क्रौंच होते, युद्धानंतर एकही उरला नाही. चिनी साहित्यिक गुओ मोरुओ तरुणपणी ओकायामातच शिकले होते. पुढे १९५५ मध्ये ते परत आले तेव्हा किल्लाही जळालेला आणि क्रौंचही नाहीत असं दिसलं. पुढच्या वर्षी त्यांनी चीनहून एक जोडी पाठवली. किल्ला मग १९६६ मध्ये काँक्रीटमध्ये उभा राहिला. बागेचं मात्र नशीब की इकेदांच्या दप्तरात जुनी चित्रं आणि नोंदी होत्या. १९३४ चा पूर आणि १९४५ ची आग, दोन्हीनंतर त्या बघून बाग पुन्हा जुन्यासारखी केली. एन्योतेइ हे मुख्य घर १९६० मध्ये तसंच बांधलं.

कोरडा_दुष्काळ

दप्तर सांभाळलं हे मात्र आवडलं. आपल्याकडे पाटबंधाऱ्याचा चाळीस वर्षांपूर्वीचा नकाशा मागून बघा.

निळी_छत्री

ताई, माझ्या सासूबाई पंचाहत्तरीच्या, गुडघ्यांचा त्रास आहे. आम्ही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतोय (हो, साकुरासाठीच, रागावू नका). त्यांना जमेल का? आणि जेवणाचं काय, त्या शाकाहारी आहेत.

पारिजात_कुराशिकी

रागावत नाही गं, सासूबाईंना साकुरा बघायचा हक्कच आहे. बाग बहुतेक सपाट आहे, वाटा बारीक खडीच्या. काठी घेऊन आरामात जमतं. व्हीलचेअर दाराशी मिळते, पण खडीत ढकलायला जोर लागतो, नवऱ्याला कामाला लाव. युइशिन्झान टेकडी सहाच मीटर उंच, पण दगडी पायऱ्या ओबडधोबड आहेत, तिथे त्यांना नेऊ नका, खालच्या बाकावर बसवा. तिथूनही तळं दिसतं. त्सुकिमी पुलावरून पलीकडे किल्ल्याकडे गेलात तर चढ आहे, ते टाळलंत तरी चालेल.

२० मार्चपासून बाग सकाळी साडेसातला उघडते. तेव्हाच जा, नऊनंतर बसगाड्या येतात. उमे तोवर संपलेली असतील.

जेवण: बागेच्या आसपास शुद्ध शाकाहारी मिळेल या भरवशावर राहू नका, रश्शात मासा असतोच. थेपले-चटणी सोबत ठेवा. खायला बसण्याआधी जवळच्या कर्मचाऱ्याला विचारून घ्या, कुठे चालतं कुठे नाही. किबी दांगो नावाचे तांदळाचे मऊ गोळे मात्र सासूबाईंना नक्की द्या, बहुतेक प्रकार शाकाहारी असतात, तरी पाकिटावरचं वाचून घ्या. मोमोतारो या गोष्टीतल्या पोराने माकडाला, कुत्र्याला आणि तित्तिरासारख्या त्या पक्ष्याला हेच देऊन आपल्या बाजूला वळवलं होतं.

तारखा व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. त्या आठवड्यात मी इथेच आहे, सोबत येते.